लाल की राखाडी

मी एक जुनी, लांब पल्ल्याची मोटरसायकल आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, एका जागी उभे राहणे मला मानवत नाही. काही गाड्यांना बाजारापर्यंत जाऊन भाजी घेऊन परतले की बरे वाटते. त्या गुणी असतात, त्यांना नावे ठेवू नयेत. पण माझी टाकी मोठी, सीट रुंद, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि पुढे वारा अडवणारी काच. ज्यांनी मला घडवले त्यांच्या डोक्यात भाजी नव्हती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाता जाता मला चाके मिळाली, दिवा मिळाला, राखाडी रंग मिळाला. शेवटी एका तपासनिसाने मला जागच्या जागी फिरणाऱ्या लोखंडी रुळांवर चढवून इंजिन सुरू केले. चाके भन्नाट फिरत होती, वेगाचा काटा वर वर चढत होता आणि मी समोरच्या भिंतीपासून तसूभरही हलत नव्हते. माझ्या आयुष्यातला पहिला प्रवास हा असा झाला. तेव्हा जी चुळबूळ अंगात शिरली, ती आजवर गेलेली नाही.

माझे पहिले मालक पुलांची तपासणी करणारे इंजिनिअर होते. नदी आली की ते मला अलीकडे उभी करत, हातोडी घेऊन पुलाखाली उतरत आणि खांबांवर टकटक करत हिंडत. मी वरून ऐकत असे. आवाज भरीव आला की ते शीळ घालत वर येत आणि पोकळ आला की गप्प गप्प. किती नद्या आम्ही ओलांडल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर ते स्वतः चहा घेण्याआधी माझ्या चेनला तेल घालत. घरी फोन केला की बायको विचारायची, "जेवलात का?" ते म्हणायचे, "आधी हिचं होऊ दे, मग माझं." पेट्रोल पंपावर कुणी धुळीने माखलेल्या पेट्या बघून विचारले, "एवढ्या लांबून आलात? गाडीनं त्रास नाही दिला?" की ते माझ्या टाकीवर थाप मारून म्हणत, "हिलाच विचारा. मी नुसता वर बसलो होतो."

मित्रांनो, असे दिवस संपतात तेव्हा सांगून संपत नाहीत. साहेबांना बढती मिळाली. पूल तपासणारे आता दुसरे लोक होते आणि साहेब त्यांचे अहवाल वाचत. त्यांच्या इमारतीच्या तळघरात मला एका खांबाजवळ उभी केली गेली. "येत्या सुट्टीत निघू," असे ते पहिल्या सुट्टीच्या आधी म्हणाले. नंतरच्या सुट्टीच्या आधीही म्हणाले. मग म्हणेनासे झाले. माझी बॅटरी उतरली, टायर बसले, टाकीतले पेट्रोल आंबून त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला. कुणीतरी माझ्या हँडलवर पायपुसणी वाळत घालायला सुरुवात केली. इमारतीतल्या मुलांचे मात्र माझ्यावर उपकार आहेत. ती माझ्यावर चढून तोंडाने घुर्र घुर्र करत कुठल्या कुठे जाऊन येत. साहेब रोज सकाळी शेजारून मोटारीकडे जात. आधी टाकीवर हात ठेवत, मग नुसते बघत, आणि शेवटी शेवटी खिशातल्या किल्ल्या शोधण्यात त्यांचे लक्ष असे. मला विकले त्या दिवशी टेम्पो निघेपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून उभे होते.

टेम्पोने मला जुन्या गाड्यांच्या एका शेडमध्ये आणून सोडले. शेडच्या मालकांना सगळे मामा म्हणत. मामा बोलण्यात असे पटाईत की त्यांच्याकडची प्रत्येक गाडी एकाच मालकाने वापरलेली असायची आणि तो मालक नेहमी डॉक्टर असायचा. तिथल्या मेकॅनिकने माझी टाकी धुतली, नवी बॅटरी बसवली, नवे टायर चढवले आणि कितीतरी वर्षांनी माझे इंजिन धडधडले. मला वाटले, आता निघायचे. पण मला ढकलत शेडच्या दाराशी नेले आणि पुन्हा स्टँडवर लावले.

माझ्या शेजारी एक लाल मोटरसायकल होती. माझ्यासारखीच लांब पल्ल्याची, पण अंगावर एक ओरखडा नाही. ती खरोखरच एका दंतवैद्यांची होती. त्यांनी हौसेने घेतली, मऊ कापडाने पुसली, झाकून ठेवली आणि क्वचितच बाहेर काढली. ती स्वभावाने वाईट नव्हती. पण येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे जाई, मी मागच्या मागे राहून जाई, आणि शेडसमोरच्या रस्त्यावरून दिवसभर गाड्या धावत असत. ट्रक जात, बस जात, एखादा सायकलवाला दुधाचे कॅन वाजवत जाई. सगळे कुठे ना कुठे निघालेले. प्रत्येक आवाजाला माझा जीव वरखाली होई.

एका सकाळी शेडसमोर रिक्षा थांबली आणि एक जोडपे उतरले. तो उंच, रुंद खांद्यांचा, केस पिकलेले, चालण्यात ऐट. लांब पल्ल्याची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. ती त्याच्या खांद्याइतकी, हातात दोन हेल्मेटे घेतलेली. तो तडक लालकडे गेला.

"हीच," तो म्हणाला.

"अहो, दोन्ही बघू तरी," ती म्हणाली.

तो लालच्या दुसऱ्या बाजूला जायला वळला आणि त्याचे कोपर माझ्या आरशावर सणकून आदळले. आरसा गर्रकन फिरला. कुणी अचानक धक्का दिल्यासारखा तो थबकला.

"आरसा मध्ये आला," तो पुटपुटला.

तिने माझा आरसा जागेवर आणला. मग तिचा अंगठा माझ्या सीटवरून फिरला, शिवणीवर थांबला. "हे कव्हर फाटलं होतं, नंतर हातानं शिवलंय," ती म्हणाली. मामांनी भुवया उंचावल्या तेव्हा तिने सांगितले, "मी तेच काम करते. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते."

मामांचे लक्ष मात्र तिच्या नवऱ्याकडे होते. "दादा, बसून तर बघा."

तो लालवर बसला. दोन्ही हातांनी हँडल धरले आणि त्याचा चेहरा एकदम तरुण झाला.

"शोभून दिसतात दादा," मामा म्हणाले. "काय वहिनी?"

"दिसतात," ती म्हणाली. "पण चालवणार मी आहे."

मामा हसले. आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबले. तो सावकाश खाली उतरला आणि त्याने स्वतःच सांगून टाकले.

"माझे डोळे गेलेत, मामा."

"गेलेले नाहीत," ती म्हणाली.

"बरं, जातायत. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणतात, नळी बारीक होत जाणार. बस सोडली. लायसन्स मीच नेऊन दिलं परत."

मामांनी लालच्या सीटवरची नसलेली धूळ झटकली. ती मग शांतपणे बोलू लागली. "इतकी वर्षं हे घाटातून बस न्यायचे आणि घरी येऊन मला सांगायचे. एका वळणावर दगडी पायऱ्या खाली उतरतात, कुठे जातात कोण जाणे. एक घर आहे, त्याला दारच दिसत नाही. एकदाही थांबून बघितलं नाही."

"कसा थांबणार? मागे भरलेली बस असते. लोक मारतील," तो म्हणाला.

"म्हणून आता जायचं. थांबत थांबत. दिसतंय तोवर."

"मग मोटारीनं जा की," मामा म्हणाले. "सावलीत, आरामात."

"मोटारीच्या खिडकीतून चौकटीतलं दिसतं," तो म्हणाला. "माझ्याकडे चौकट आहेच. आणखी एक कशाला?"

आधी लाल बाहेर निघाली. ती पुढे, तो मागे. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले. ती दोघे परत आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि तो उतरता उतरता म्हणत होता, "मी आपलं सांगत होतो इतकंच." मग ती माझ्याकडे आली. पाय टाकून बसली, तेव्हा तिचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले. लालवर ती चवड्यांवर उभी राहिली होती. तिने किल्ली फिरवली आणि मित्रांनो, आम्ही रस्त्यावर आलो.

माझ्या आनंदावर विरजण पडायला मात्र वेळ लागला नाही. मागून सूचना सुरू झाल्या. "क्लच हळू सोड. खड्डा. आरशात बघ. अगं, तिसरा टाक. रिक्षा, रिक्षा." प्रत्येक सूचनेबरोबर तो उजव्या पायाने माझे पायदान खाली दाबत होता. मागे बसणाऱ्याला ब्रेक नसतो, पण त्या पायाला हे कुणी सांगितले नव्हते. बसचा ब्रेक दाबावा तसा तो दाबत होता, पुन्हा पुन्हा. पुढे तिच्या मुठी आवळत चालल्या होत्या. दोघांच्या मध्ये मी, कुणाचे ऐकू असे होऊन गेले होते.

एका झाडाखाली तिने मला थांबवले.

"उतरा."

"का?"

"मी एकटी एक चक्कर मारून येते."

तो उतरला. तिने मला गिअरमध्ये टाकले आणि आम्ही निघालो. ती थोडी डगमगली, एकदा तिसऱ्याऐवजी पहिल्यात गेली, मी हिसका दिला. मग तिचे खांदे खाली आले. रस्ता सरळ होता, वारा काचेवरून वर जात होता आणि मला कुणी दाबत नव्हते. आम्ही परतलो तेव्हा तो रस्त्याकडे पाठ करून उभा होता. आम्ही जवळ येण्याआधीच वळला. आवाजावरून ओळखले असावे.

"दुसऱ्याचा तिसरा करताना घाई करतेस," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "बाकी चांगली चालवतेस."

"लालवर मागे बसल्यावर तुम्हाला काय दिसत होतं?" तिने विचारले.

"तुझं हेल्मेट."

"नुसतं हेल्मेट?"

"हेल्मेटच. मागची सीट खाली आहे तिची."

"आणि हिच्यावर?"

तो खरे ते बोलला. "हिच्यावर मी बघितलंच नाही. तुझा क्लचचा हात बघत होतो."

ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच. "मग क्लच आता माझ्यावर सोडा आणि तुम्ही बघा."

तो पुन्हा मागे बसला. बराच वेळ एक शब्द नाही. त्याचा उजवा पाय एकदा दाबला गेला, मग सैल पडला आणि नुसता टेकून राहिला. वस्ती मागे पडली.

"थांब," तो एकाएकी म्हणाला.

तिने घाबरून ब्रेक लावला. "काय झालं?"

"काही नाही. थांबावंसं वाटलं."

रस्त्याच्या कडेला, झुडपांच्या फटीतून पाणी दिसत होते. लहानसे तळे. कमळे नाहीत, पायऱ्या नाहीत, बरेचसे शेवाळ आणि काठावर एक बगळा. तो डोके डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत होता, काच पुसतात तसे, थोडे थोडे करून सगळे बघत.

"या रस्त्यानं मी किती वर्षं बस नेली," तो म्हणाला. "इथे पाणी आहे हे मला माहीत नव्हतं."

मला वाटले, झाले, आता मी यांची. पण गोष्ट अशी सरळ व्हायची नव्हती. शेडच्या फाटकाशी तो उतरला आणि ती मला आत वळवू लागली. तिथे खडी पसरली होती. हँडल पूर्ण वळलेले असताना तिने पुढचा ब्रेक दाबला, माझे चाक सरकले आणि मी उजव्या अंगावर आडवी झाले. मोठा आवाज झाला. ती उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. मी लालपासून जेमतेम हातभर अंतरावर पडले होते.

"लाल वाचली," मामांच्या तोंडून निघून गेले.

तो धावत आला. वाटेत दुसऱ्या गाडीच्या पायदानावर त्याची नडगी आपटली, तरी थांबला नाही.

"तुला लागलं का?"

"नाही. गाडीला लागलं." सगळ्यांनी मिळून मला उभी केली. तिने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि म्हणाली, "नको. ही नको आणि तीही नको. घाटात असं झालं तर? मागे तुम्ही असाल."

तो माझ्यापाशी खाली बसला आणि इंजिनापुढच्या लोखंडी गार्डवरून त्याने हात फिरवला. हलक्या हाताने, जखम तपासावी तसा.

"मामा, यातला आत्ताचा ओरखडा कुठला आणि जुने कुठले?"

"आता कसं सांगू, दादा. बरेच आधीचेच आहेत."

"मग झालं तर." तो उठला. "हे बघ, लाल पडली असती ना, तर मी आधी तिच्याकडे धावलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे. मी ओरडलो असतो आणि तू पुन्हा कधी तिच्यावर बसली नसतीस. ही पडली तेव्हा मला पहिली तू दिसलीस. मला आता एका वेळी एकच काहीतरी दिसतं."

तिने एकात एक घातलेले हातमोजे वेगळे केले.

"हीच घेऊ," तो म्हणाला. "तुझा हात बसेपर्यंत पडू देत आणखी ओरखडे."

तिने लगेच होकार दिला नाही. तिने मामांना विचारले, "मागे मोकळी जागा आहे का?" शेडच्या मागे रिकामे अंगण होते. तिथे तिने मला नेले आणि वळायला सुरुवात केली. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. पाय टेकला की सुरुवातीपासून. ऊन चढले. तो भिंतीच्या सावलीत उभा होता आणि मित्रांनो, त्याने एकही सूचना दिली नाही. त्याला ते किती जड गेले हे मला त्याच्या उजव्या पायावरून कळत होते, तो पाय जमिनीत खड्डा पाडत होता. शेवटी तिने पाय न टेकता पूर्ण वळसा घेतला, लगेच आणखी एक घेतला आणि इंजिन बंद केले.

"घेऊ," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने माझी सीट उसवली आणि नव्याने शिवली. मागची बाजू तिने आत जाड फोम घालून इतकी उंच केली की तो तिच्या डोक्यावरून समोर बघू शकेल. एका पहाटे आम्ही घाटाकडे निघालो. थांबत थांबत जायचे म्हणजे किती थांबायचे याची मला कल्पना नव्हती. माकडे दिसली, थांब. मैलाच्या दगडावर कुणी फुले ठेवली होती, थांब. ते बिनदाराचे घरही आले. त्याचे दार मागच्या बाजूला होते, बाहेर एक बाई धान्य पाखडत होती आणि तिला बिचारीला कळेना, ही माणसे आपल्या दाराकडे बघून इतकी का हसतायत.

मग ते वळण आले. दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या, दोन्ही बाजूंनी गवत. तिने मला कडेला लावले, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघे एकेक पायरी उतरत दिसेनासे झाले. मी वरच राहिले. मला पायऱ्या कुठे उतरता येतात? खालून पाण्याचा आवाज येत होता, मधूनच त्यांचे बोलणे, मग कितीतरी वेळ काहीच नाही. माझे इंजिन निवत टिकटिकत होते आणि मी कासावीस झाले होते. परत आले तेव्हा दोघांचे केस ओले होते. त्याने माझ्या टाकीवर हात टेकला, तो बर्फासारखा गार होता.

"सांगायचं का हिला, खाली काय होतं ते?" तिने विचारले.

"नको," तो म्हणाला. "ते आपलं दोघांचं."

खाली काय होते ते मला अजून माहीत नाही.

त्याची नळी आता अगदी बारीक झाली आहे. उजेड कळतो, माणूस हलला तर कळतो. तरी आम्ही जातो. तो मागे बसून विचारतो, ती सांगते आणि कधी कधी ती चुकीचे सांगते आहे असा त्याला वासावरून संशय येतो. लालला दोन बहिणींनी नेले, असे मामांकडून कळले. बरे झाले. तिलाही वारा लागायलाच हवा होता.

माझी देखभाल सगळी त्याच्याकडे आहे. चेन किती सैल झाली ते तो अंगठ्याने दाबून बघतो, नट एकेक करून बोटांनी चाचपतो, चाकाच्या तारांमधला चिखल नखाने काढतो. माझ्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्याला पाठ आहे. इतके नीट मला आजवर कुणीच बघितले नव्हते.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात एखादी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, एखादा रेडिओ असेल, तर त्याला नुसते झाकून ठेवू नका. झाकलेले आतून गंजते, मी तळघरात राहून आले आहे. त्याला कामाला लावा, पडू द्या, ओरखडू द्या आणि काम झाले की त्याच्यावरून हात फिरवा. नुसते बघून कळत नाही, हाताला कळते. घरातल्या माणसांचेही तसेच असावे, पण ते मी सांगणे बरे नाही, मी मोटरसायकल आहे.

आता पुरे करते. पेट्यांना कुलपे लागली आहेत. ती हातमोजे शोधते आहे, ते तिच्या खिशातच आहेत. तो माझ्या मागच्या चाकावर तळहात ठेवून हवा बघतो आहे. रस्त्यावर ऊन आले आहे आणि अजून कुणी किल्ली फिरवत नाही.